अ‍ॅपलाचियातील खाणभूमीचे वनपुनर्संचयन

अ‍ॅपलाचियातील खाणभूमीचे वनपुनर्संचयन म्हणजे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या पूर्व भागातील अ‍ॅपलाचियन पर्वतप्रदेशात दगडी कोळशाच्या उघड्या खाणींमुळे उजाड झालेल्या जमिनीवर पुन्हा मृदा घडवून स्थानिक वृक्षांचे वन उभे करण्याचे कार्य होय. या कार्यासाठी शास्त्रज्ञ, शासकीय यंत्रणा आणि खाणउद्योग यांनी मिळून स्वीकारलेल्या पाच टप्प्यांच्या पद्धतीस 'फॉरेस्ट्री रिक्लेमेशन ॲप्रोच' असे नाव आहे. प्रस्तुत लेखात तिचा उल्लेख 'वनाभिमुख पद्धती' असा केला आहे.

खाणीनंतर सपाट करून, घट्ट दाबून आणि गवत पेरून 'सुधारलेली' जमीन प्रत्यक्षात वनासाठी निरुपयोगी ठरते, हा या प्रदेशातील अनुभवाचा मुख्य निष्कर्ष आहे. रोप कितीही चांगले असले तरी मुळांना शिरकाव करता येईल अशी खोल व भुसभुशीत माती नसेल, तर वन परतत नाही. म्हणून वनपुनर्संचयनाची सुरुवात वृक्षारोपणापासून न करता मातीपासून करावी, असे ही पद्धती सांगते.

## पार्श्वभूमी

### प्रदेश आणि मूळ वन

अ‍ॅपलाचियन कोळसापट्टा पेनसिल्व्हेनिया, ओहायो, मेरिलँड, वेस्ट व्हर्जिनिया, व्हर्जिनिया, केंटकी, टेनेसी आणि अलाबामा या राज्यांत पसरलेला आहे. येथील पानझडी वने समशीतोष्ण कटिबंधातील अत्यंत वैविध्यपूर्ण वनांमध्ये गणली जातात. ओक, हिकरी, मेपल, ट्युलिप पॉपलर, बीच, बासवूड असे अनेक वृक्ष एकाच उतारावर आढळतात. वृक्षांच्या छायेत वसंत ऋतूत फुलणाऱ्या वनस्पतींचा स्वतंत्र थर असतो. डोंगरांतील झरे आणि ओढे सॅलमँडरच्या अनेक जातींचे आश्रयस्थान आहेत.

अमेरिकन चेस्टनट हा येथील एकेकाळचा प्रमुख वृक्ष होता. १९०४ साली न्यू यॉर्क येथे प्रथम आढळलेल्या, परदेशातून आलेल्या बुरशीजन्य रोगाने पुढील काही दशकांत हे वृक्ष जवळजवळ नामशेष केले. खोडे मेली, तरी काही ठिकाणी जुन्या मुळांतून आजही फुटवे येतात. मात्र मोठे होण्यापूर्वीच ते रोगाला बळी पडतात.

### उघडे खाणकाम

उघड्या खाणीत कोळशाच्या थरावरील वन तोडले जाते आणि माती व खडक बाजूला काढले जातात. या काढलेल्या थराला खाणीच्या भाषेत 'ओव्हरबर्डन' म्हणतात. अ‍ॅपलाचियाच्या काही भागांत संपूर्ण शिखर उतरवून खालचे कोळशाचे थर काढण्याची रीतही रूढ झाली. फोडलेला खडक मूळ खडकापेक्षा अधिक जागा व्यापतो. त्यामुळे तो सर्व पुन्हा जागेवर बसत नाही आणि उरलेला भराव शेजारच्या दऱ्यांत टाकला जातो. त्याखाली ओढ्यांचे उगम गाडले जातात.

वनाची मृदा हजारो वर्षांत घडलेली असते. वरच्या थरात बिया, जिवंत मुळे, गांडुळे, बुरशी, जीवाणू आणि कुजणारा पाला असतो. खाणकामात हा थर खडकात मिसळला किंवा दीर्घकाळ ढिगात पडून राहिला, तर त्यातील सजीवसृष्टीचा बराच भाग नष्ट होतो. खोल खडकांत पायराइट हे लोह व गंधक यांचे खनिज असल्यास हवा आणि पाणी यांच्या संपर्काने त्यापासून गंधकाम्ल तयार होते. हे आम्लयुक्त पाणी ओढ्यांत उतरते आणि जलचरांना घातक ठरते.

## १९७७चा कायदा आणि त्याचे अनपेक्षित परिणाम

१९७७पूर्वी बहुतेक ठिकाणी खाणमालकांवर जमीन पूर्ववत करण्याचे बंधन नाममात्र होते. कोळसा काढून झाल्यावर उभे कडे तसेच सोडले जात आणि भराव उतारावर लोटून दिला जाई. दरडी कोसळणे, ओढ्यांत गाळ साचणे आणि आम्लयुक्त पाण्याने प्रवाह दूषित होणे हे प्रकार नित्याचे होते.

३ ऑगस्ट १९७७ रोजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी भूपृष्ठ खाणकाम नियंत्रण व भूमिउद्धार कायद्यावर स्वाक्षरी केली. या कायद्याने पुढील गोष्टी बंधनकारक केल्या :

* खाणीनंतर जमिनीला जवळपास मूळचा चढउतार परत देणे.
* वरची माती वेगळी काढून ठेवणे व पुन्हा पसरणे, किंवा ती अपुरी असल्यास योग्य पर्याय वापरणे.
* काम पूर्ण होईपर्यंत शासनाकडे आर्थिक हमी ठेवणे.
* जमीन पूर्वीच्या किंवा त्याहून चांगल्या उपयोगास योग्य करणे.

कोळशाच्या प्रत्येक टनामागे शुल्क आकारून जुन्या, बेवारस खाणींच्या दुरुस्तीसाठी निधीही उभारण्यात आला. कायद्याच्या अंमलबजावणीसाठी केंद्रीय भूपृष्ठ खाणकाम कार्यालय स्थापन झाले.

दरडी, धूप व गाळ यांवर या कायद्याचा निश्चित परिणाम झाला; वनाच्या दृष्टीने मात्र परिणाम उलटा झाला. उतार स्थिर राहावा म्हणून अवजड बुलडोझर वारंवार फिरवून भराव दाबला जाऊ लागला. धूप लगेच थांबावी म्हणून फेस्क्यूसारखी जोमदार गवते आणि सेरिसिया लेस्पेडेझासारख्या परदेशी द्विदल वनस्पती दाट पेरल्या जात आणि त्यांना भरपूर खत दिले जाई. पावसाचे प्रमाण पुरेसे असलेल्या प्रदेशात हमीची मुदत पाच वर्षांची असते. एवढ्या काळात हिरवे आच्छादन दाखवण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग गवत हाच होता. झाडांचे भवितव्य अनिश्चित असल्याने खाणमालकांनी 'चराऊ जमीन' किंवा 'वन्यजीव अधिवास' असा भावी उपयोग नोंदवण्यास प्राधान्य दिले.

या कायद्याखाली अ‍ॅपलाचियात सुमारे ६ लाख हेक्टर जमिनीवर खाणकाम झाले. त्यातील मोठा भाग पूर्वी वनाखाली होता, परंतु खाणीनंतर तो गवत व झुडपांखाली गेला. यातील बऱ्याच जमिनीवर प्रत्यक्षात कोणी गुरे चारत नाही.

सर्वसाधारणपणे मोकळ्या जमिनीवर प्रथम गवत, मग झुडपे, मग वृक्ष असा वनस्पतींचा अनुक्रम घडतो. दाबलेल्या खाणभूमीवर हा अनुक्रम गवताच्या अवस्थेतच थांबून राहतो. दशकांनंतरही तेथे स्थानिक वृक्ष विरळाच दिसतात आणि ऑटम ऑलिव्हसारखी आक्रमक परदेशी झुडपे मात्र फोफावतात.

याउलट, १९७७पूर्वी कोणतेही नियोजन न करता सैल टाकून दिलेल्या काही जुन्या भरावांवर चांगली वने वाढलेली संशोधकांना आढळली. तेथील लाकडाची वाढ अनेक ठिकाणी शेजारच्या नैसर्गिक वनाच्या तोडीची होती. भरावाचा सैलपणा आणि खोली हे त्याचे प्रमुख कारण होते.

## संशोधन

व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या पुढाकाराने १९८०पासून नैऋत्य व्हर्जिनियात चाललेल्या पॉवेल रिव्हर प्रकल्पात खाणभूमीवरील वृक्षवाढीचा दीर्घकाळ अभ्यास झाला. तेथील वनमृदाशास्त्रज्ञ जेम्स बर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी योग्य खडकाची निवड, हलके सपाटीकरण आणि विरळ गवत यांचे महत्त्व दाखवून दिले.

केंटकी विद्यापीठाने १९९०च्या दशकात पूर्व केंटकीतील स्टारफायर खाणीवर तुलनात्मक क्षेत्रे आखली. काही क्षेत्रे नेहमीप्रमाणे दाबली, काहींवर यंत्राचा एखादाच हलका हात फिरवला, तर काहींवर भरावाचे ढीग तसेच ठेवले. दाबलेल्या क्षेत्रांपेक्षा सैल क्षेत्रांत रोपांची जगण्याची व वाढण्याची क्षमता बहुतांश जातींत स्पष्टपणे सरस ठरली.

याच राज्यातील बेंट माउंटन येथे २००५ साली वेगवेगळ्या खडकांची तुलना सुरू झाली. पृष्ठभागाजवळचा, विदारण झालेला तपकिरी वालुकाश्म आणि खोलवरचा, विदारण न झालेला करडा वालुकाश्म यांत मोठा फरक दिसून आला. तपकिरी वालुकाश्मावर लावलेली झाडे जोमाने वाढली आणि आसपासच्या वनातील अनेक वनस्पती आपोआप रुजल्या. करड्या खडकावर वाढ खुंटली. तपकिरी खडकाची माती स्थानिक वृक्षांना मानवणारी, किंचित आम्लधर्मी असते. करड्या खडकाचा सामू बहुधा उदासीन ते अल्कधर्मी असतो आणि त्यातून विद्राव्य क्षार अधिक प्रमाणात सुटतात.

### दाबलेल्या मातीत झाडे का वाढत नाहीत

मातीच्या कणांमधील पोकळ्यांत हवा आणि पाणी असते. यंत्राच्या वजनाने मोठ्या पोकळ्या प्रथम नष्ट होतात. त्याचे परिणाम पुढीलप्रमाणे होतात :

* मुळांना खाली शिरता येत नाही. ती वरच्या पातळ थरात आडवी पसरतात आणि उन्हाळ्यात झाड पाण्यावाचून सुकते.
* पावसाचे पाणी मुरत नाही. ते पृष्ठभागावरून वेगाने वाहते, त्यामुळे पुराचा व धुपीचा धोका वाढतो.
* हिवाळ्यात व वसंतात पाणी साचून मुळांना प्राणवायू मिळत नाही.
* वाऱ्याने व पक्ष्यांनी आणलेल्या बियांना अडकून रुजण्यासाठी खाचखळगे उरत नाहीत.

म्हणजेच धूप टाळण्यासाठी केलेली दाबणी पाण्याचा वाहता लोंढा वाढवते. सैल व खडबडीत पृष्ठभागावर पडलेले पाणी मात्र जागच्या जागी मुरते.

## वनाभिमुख पद्धतीचे पाच टप्पे

२००४ साली केंद्रीय भूपृष्ठ खाणकाम कार्यालय आणि अ‍ॅपलाचियातील कोळसाउत्पादक राज्ये यांनी 'अ‍ॅपलाचियन रिजनल रिफॉरेस्टेशन इनिशिएटिव्ह' हा संयुक्त उपक्रम सुरू केला. विद्यापीठे, उद्योग, जमीनमालक आणि पर्यावरणसंस्था त्यात सहभागी झाल्या. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या मार्गदर्शिकेत पद्धतीचे पाच टप्पे मांडण्यात आले.

१. मुळांसाठी योग्य माध्यम तयार करणे – किमान ४ फूट, म्हणजे सुमारे १.२ मीटर, खोलीचा थर वरची माती, विदारित वालुकाश्म किंवा उपलब्ध असलेल्या सर्वोत्तम सामग्रीचा करावा. शक्य असल्यास मूळ वनमाती खोडाचे बुंधे, मुळे व पाल्यासह मिसळावी. त्यातून बिया आणि उपयुक्त बुरशी आपोआप परततात. पायराइटयुक्त खडक मात्र खोल पुरून हवा-पाण्यापासून अलग ठेवावा.

२. थर सैल ठेवणे – ढीग ओतल्यानंतर हलक्या बुलडोझरने एक-दोन फेऱ्यांतच पृष्ठभाग जुळवावा. जमीन ओबडधोबड दिसली तरी चालते. खालचा मुख्य भराव स्थैर्यासाठी दाबलेला असतो. केवळ वरचा थर सैल ठेवला जातो.

३. झाडांना पूरक आच्छादन पेरणे – उंच व जोमदार गवतांऐवजी कमी उंचीची, मंद वाढणारी गवते आणि क्लोव्हरसारख्या द्विदल वनस्पती विरळ पेराव्यात. नत्रयुक्त खत बेताचे द्यावे. दाट गवत रोपांचे पाणी, अन्नद्रव्ये व प्रकाश हिरावून घेते. शिवाय रोपांची साल कुरतडणाऱ्या उंदीरवर्गीय प्राण्यांना त्यात आसरा मिळतो.

४. दोन प्रकारची झाडे लावणे – एक गट लवकर वाढून माती सुधारणाऱ्या व वन्यजीवांना अन्न देणाऱ्या झाडांचा, उदाहरणार्थ डॉगवूड, रेडबड, ब्लॅक लोकस्ट. दुसरा गट दीर्घायुषी व मौल्यवान लाकडाच्या वृक्षांचा, उदाहरणार्थ पांढरा ओक, लाल ओक, शुगर मेपल, ब्लॅक चेरी. ब्लॅक लोकस्टच्या मुळांवरील गाठींतील जीवाणू हवेतील नत्र मातीत स्थिर करतात.

५. लागवड योग्य रीतीने करणे – रोपे सुप्तावस्थेत असताना, हिवाळ्याच्या अखेरीस किंवा वसंताच्या प्रारंभी लावावीत. मुळे ओलसर ठेवावीत, ती खड्ड्यात दुमडू नयेत आणि भोवतीची माती पक्की बसवावी. साधारण ८ फूट × ८ फूट अंतर ठेवल्यास एकरी सुमारे ६८० रोपे बसतात.

या पद्धतीसाठी कायदा बदलावा लागला नाही. 'जमीन स्थिर करावी' या तरतुदीचा अर्थ 'सर्वत्र घट्ट दाबावी' असा लावण्याची प्रथा बदलणे हेच मुख्य काम होते. यंत्रांच्या फेऱ्या कमी झाल्याने इंधन व वेळ यांचीही बचत होते.

## जुन्या गवताळ खाणभूमीवरील काम

ज्या खाणी पूर्वीच दाबून गवताखाली गेल्या आणि ज्यांची हमी परत दिली गेली, त्यांच्यावर खाणमालकाचे कायदेशीर दायित्व उरत नाही. अशा जमिनींसाठी २००९ साली केंटकीतून 'ग्रीन फॉरेस्ट्स वर्क' हा कार्यक्रम सुरू झाला. पुढे त्याचे स्वतंत्र ना-नफा संस्थेत रूपांतर झाले. या कार्यक्रमातून लाखो रोपे लावली गेली आहेत.

येथे प्रथम आक्रमक वनस्पती काढल्या जातात. त्यानंतर मोठ्या बुलडोझरला मागे पोलादी दात जोडून जमीन सुमारे एक मीटर खोलीपर्यंत फाडली जाते. बहुधा ती आडवी आणि उभी अशा दोन्ही दिशांनी फाडतात आणि रेषा जेथे एकमेकींना छेदतात तेथे रोपे लावतात.

या कामाची काही उल्लेखनीय ठिकाणे पुढीलप्रमाणे आहेत :

* फ्लाइट ९३ राष्ट्रीय स्मारक, पेनसिल्व्हेनिया – ११ सप्टेंबर २००१ रोजी अपहृत विमान जेथे कोसळले ती जागा पूर्वीची उघडी कोळसाखाण होती. २०१२पासून स्वयंसेवकांच्या साहाय्याने तेथे हजारो स्थानिक वृक्ष लावण्यात आले.
* मोनोंगाहेला राष्ट्रीय वन, वेस्ट व्हर्जिनिया – उंच पठारावरील जुन्या खाणभूमीवर जमीन फाडून लाल स्प्रूसचे वन परत आणण्याचे आणि लहान पाणथळ जागा निर्माण करण्याचे काम चालू आहे.
* चेस्टनटची लागवड – १९८३ साली स्थापन झालेल्या 'अमेरिकन चेस्टनट फाउंडेशन'च्या सहकार्याने, चिनी चेस्टनटशी संकर करून रोगप्रतिकारक्षमता आणलेली झाडे अनेक खाणभूमींवर लावली गेली. पाण्याचा निचरा होणारी, किंचित आम्लधर्मी, सैल माती या वृक्षास मानवते.

## मर्यादा आणि मतभेद

ओढ्यांचे प्रश्न. वन उभे राहिले तरी भरावाखाली गाडलेले ओढे परत येत नाहीत. भरावातून झिरपणाऱ्या पाण्यात विद्राव्य क्षार आणि काही ठिकाणी सेलेनियम दीर्घकाळ आढळते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०११ साली मध्य अ‍ॅपलाचियातील ओढ्यांच्या जीवसृष्टीच्या रक्षणासाठी ३०० मायक्रोसिमेन्स प्रति सेंटिमीटर ही विद्युतवाहकतेची मर्यादा सुचवली. खाणीखालील अनेक प्रवाह ती ओलांडतात.

वनातील खालचा थर. वृक्ष लावता येतात. वनाच्या तळाशी वाढणाऱ्या वनस्पती मात्र सावकाश परततात. ट्रिलियमसारख्या वनस्पतींच्या बिया मुंग्या वाहून नेतात, त्यामुळे त्यांचा प्रसार थोड्या अंतरापुरताच होतो. मूळ वन जवळ नसेल तर हा थर दीर्घकाळ रिकामाच राहतो. मातीतील सेंद्रिय द्रव्य आणि बुरशींचे जाळे पूर्ववत होण्यासही अनेक दशके लागतात.

गवताळ प्रदेशाचे मूल्य. १९९७ ते २००२ या काळात पूर्व केंटकीत पश्चिमेकडील राज्यांतून सुमारे दीड हजार एल्क आणून सोडण्यात आले. खुल्या खाणभूमीवर त्यांची संख्या वाढली आणि शिकार व पर्यटन यांतून स्थानिकांना उत्पन्न मिळू लागले. गवताळ प्रदेशातील काही दुर्मीळ होत चाललेले पक्षीही येथे आढळतात. त्यामुळे सर्व खाणभूमीवर वनच असावे का, याविषयी मतभेद आहेत. दुसरीकडे एल्क आणि हरणे कोवळी रोपे खातात, त्यामुळे लागवडीचे नुकसान होते.

आर्थिक बाजू. कोळशाची मागणी घटल्याने अनेक खाणकंपन्या दिवाळखोरीत गेल्या आणि ठेवलेली हमी भूमिउद्धाराच्या खर्चास पुरेल का, हा प्रश्न पुढे आला. नवे खाणकाम कमी होत असल्याने यापुढील बहुतांश काम जुन्या जमिनींवरच करावे लागणार आहे.

नैतिक आक्षेप. चांगल्या पुनर्संचयनाचे आश्वासन देऊन नव्या खाणींना परवानगी मिळवली जाऊ शकते, अशी टीका होते. पुनर्संचयित वन हे मूळ वनाचा पर्याय नव्हे, हे या पद्धतीचे अनेक समर्थकही मान्य करतात.

## इतर प्रदेशांतील तत्सम प्रयत्न

पश्चिम ऑस्ट्रेलियात जॅरा या निलगिरीवर्गीय वृक्षांच्या वनात १९६०च्या दशकापासून बॉक्साइटच्या उघड्या खाणी आहेत. तेथे आरंभी परक्या जातींचे वृक्ष लावले जात. १९८८पासून स्थानिक जॅरा व मारी यांची लागवड सुरू झाली. एका खाणीवरून काढलेली ताजी माती साठवून न ठेवता थेट दुसऱ्या जागी पसरणे आणि खाणीचा तळ खोल फाडणे, ही तेथील पद्धतीची वैशिष्ट्ये आहेत. ढिगात पडून राहिलेल्या मातीतील बिया मरतात, हे त्यामागील कारण आहे.

महाराष्ट्रात नागपूर येथील राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने गुमगाव येथील मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यांवर एकात्मिक जैवतंत्रज्ञान पद्धतीचा प्रयोग केला. साखर कारखान्यातील प्रेसमडसारखे सेंद्रिय द्रव्य, नत्र स्थिर करणारे जीवाणू आणि मुळांशी सहजीवन करणारी मायकोरायझा बुरशी यांच्या साहाय्याने जवळजवळ निर्जीव ढिगाऱ्यावर स्थानिक वृक्षांची लागवड करण्यात आली. अ‍ॅपलाचियात माती सैल ठेवण्यावर भर आहे, तर येथे मातीतील जीवसृष्टी बाहेरून आणून रुजवण्यावर.

भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२० रोजी दिलेल्या आदेशानुसार, खाणकाम संपल्यावर जमीन चारा, वनस्पती व प्राणी यांच्या वाढीस योग्य होईल अशा रीतीने तेथे पुन्हा गवत वाढवणे ही अट खाणपट्ट्यांच्या व पर्यावरणीय मंजुरीच्या अटींत समाविष्ट करावयाची आहे. अ‍ॅपलाचियाचा अनुभव अशा तरतुदींच्या संदर्भात महत्त्वाचा ठरतो. कारण हिरवे आच्छादन लवकर दिसणे आणि परिसंस्था परत येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

## हेही पहा

* दगडी कोळसा
* मृदा
* धूप
* वनीकरण
* पुनर्संचयन परिस्थितिकी
* अमेरिकन चेस्टनट
* अ‍ॅपलाचियन पर्वतरांग